एकट्या माणसाची घड्याळं

डॉक्टरांनी कोरा कागद पुढ्यात सरकवला, त्यावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "खिल्लारेसाहेब, एक घड्याळ काढून दाखवा. गोल काढा, आत आकडे लिहा, आणि अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असे काटे दाखवा." हे हसले. "डॉक्टर, हे तुम्ही मला सांगताय? मी काढलेलं घड्याळ ठेवायला तुम्हाला तिजोरी घ्यावी लागेल." डॉक्टर हसले, मीही हसले. चिंचवडच्या त्या दवाखान्यातली ती थंडगार खोली तेवढ्यापुरती घरासारखी झाली. यांनी पेन्सिल उचलली, टोक अंगठ्यावर घासून बघितलं आणि एका फटक्यात गोल काढला. टूलरूममधला हात तो, गोल अगदी गोल आला. मला बरं वाटलं. मग वर बारा लिहिला, त्याच्या शेजारी एक, दोन, तीन, चार, एकमेकांना खेटून, रांगेत धक्काबुक्की चालल्यासारखे, आणि खाली सहाच्या जागेपर्यंत पोचले तोवर सगळे आकडे संपलेही. डावी बाजू सबंध मोकळी. त्या मोकळ्या जागेकडं हे थोडा वेळ बघत राहिले. तिथं काहीतरी असायला हवं होतं एवढं त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मग एक काटा दहाकडं नेला, दुसरा अकराकडं. "अकरा, दहा," असं स्वतःशी म्हणाले, पेन्सिल कागदाच्या कडेला समांतर ठेवली आणि कागद माझ्याकडं फिरवला. "बघ गं." डॉक्टरांनी तो मधल्यामधे उचलला, "छान, छान," म्हणाले आणि फाईलमध्ये घातला. मी पर्सची चेन उघडली, आत काही शोधल्यासारखं केलं आणि परत लावली. यांच्या शर्टाच्या कफाखाली जपानातल्या एका माणसानं स्वतःच्या हातानं केलेलं घड्याळ चाललेलं होतं. त्याचे काटे निळे आहेत. रंग लावून निळे नव्हेत, पोलाद बेतानं तापवून आणलेला निळा. त्यात किती वाजले होते ते मी बघितलं नाही.

ताथवड्याला घरी येताना टॅक्सीत हे खुशीत होते. "पोरगा हुशार आहे डॉक्टर. पण मनगटावर काय बांधलंय बघितलंस? रबर. मनगटावर फोन बांधून फिरतात आणि दुसऱ्याला घड्याळ काढायला सांगतात." मी खिडकीतून बाहेर बघत "हं" म्हटलं. निघायच्या आधी यांनी बाहेर थांबावं म्हणून डॉक्टरांनी वजन करायला पाठवलं होतं आणि तेवढ्यात मला जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. मेंदूचा आजार आहे, आठवण हळूहळू जाईल, औषधानं वेग थोडा कमी होतो, परत काही येत नाही. ते सांगताना त्यांचा आवाज माझ्याइतकाच हळू होता. लोक मला म्हणतात, प्रभावतीबाई, तुमचं बोलणं ऐकायला कान जवळ आणावा लागतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला दुसऱ्याचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागला, आणि नेल्यावर वाटलं, नसता नेला तर बरं झालं असतं. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही घरच्यांनी ठरवा, असं डॉक्टर म्हणाले. घरचे म्हणजे मी. मुलगी दीक्षा बंगळूरला. फोनवर ती रडली, मग नाक ओढत म्हणाली, "आई, सांगू नको, पण लपवूपण नको." मी म्हटलं, "बाळा, याच्या मधे जागा किती असते ते मला माहीत नाही."

मधली जागा मला माहीत होती खरं तर. रोज पहाटे आंघोळ करून मी मूर्तीपुढं मेणबत्ती लावते, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडते, त्रिशरण म्हणते आणि पंचशील घेते. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यात खंड नाही, बाळंतपणात खाटेवर बसून म्हटलं आहे. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी ते पाळते, म्हणजे फार मोठं काही करते असं नाही, माझ्या स्वभावाला ते सोपं पडतं. कमी बोलणाऱ्याला खोटं कमी लागतं. पण खोटं बोलू नये असं शील आहे, खरं ते आपणहून बोललंच पाहिजे असं शील नाही, आणि त्या फटीत माणूस पुष्कळ दिवस राहू शकतो. डॉक्टरांकडून आल्यापासून मी तिथं राहत होते. मी वंदनेला बसते त्याच वेळी पलीकडच्या खोलीत हे खिडकीपाशी बाकावर बसून घड्याळांना चावी देतात. माझं पाली पुटपुटणं आणि त्यांच्या बोटांमधली ती बारीक किरकिर, दोन्ही एकाच वेळी सुरू होऊन जवळजवळ एकाच वेळी संपतं. बॅटरीची नाहीत ती. रोज एका माणसानं हात लावला नाही तर थांबणारी. हे म्हणायचे, "तुझंही तेच, माझंही तेच. एक दिवस चुकवून चालत नाही."

मला घड्याळातलं काही कळत नाही आणि मी कळल्याचं कधी दाखवलं नाही. सुरुवातीला मला ते बरंही वाटायचं नाही. तृष्णा ती तृष्णा, सोन्याची असो की पोलादाची. पण यांचे वडील, कोंडीराम आबा, मी पाहिलेले आहेत. परभणीकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि भोंग्यावर जगले. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, दाराशी कार्ड पंच करायचं, एक मिनिट उशीर झाला की अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. हे लहानपणी डबा घेऊन त्या गेटवर उभे राहायचे आणि गजांमधून बघायचे, बाप रांगेत कार्ड हातात धरून उभा असायचा, चेहरा त्या मशीनकडं. निवृत्त होताना कंपनीनं आबांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. आबांनी ते भिंतीवर लावलं, पण सेल काही कधी घातला नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "लई सांगितली यानं येळ. आता ऱ्हाऊ दे गप." त्या बंद घड्याळाखाली बसून हे आयटीआयचा अभ्यास करायचे. पुढं टूलरूम, मग महाळुंग्याला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं वर्कशॉप, दोन लेथ, मग बारीक कामाची मोठी मशीनं. केसापेक्षा बारीक मापाची कामं. आणि केव्हातरी यांना कळलं की जगात काही माणसं अशी आहेत की जी एकटी बसून घड्याळ करतात. मागं कंपनी नाही, पुढं रांग नाही. एक बाक, एक खिडकी, एक माणूस. चाकं तोच कापतो, कडा तोच घासतो, वर्षभरात हातावर मोजण्याइतकी होतात. हे कित्येक दिवस ते एखादी बातमी आल्यासारखं सगळ्यांना सांगत होते. मला म्हणाले, "प्रभा, ज्यानं कुणाच्या भोंग्यावर काम केलं नाही त्याच्या हातची वेळ मला घालायची आहे." एरवी असं बोलणारा माणूस नाही. बोलून झाल्यावर लाजले आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले.

ती माणसं पैसे घेऊन माल देणाऱ्यातली नाहीत. आधी विचारतात, तू कोण, तुला कशाला हवं. स्वित्झर्लंडच्या डोंगरातला एक म्हातारा होता. त्याच्याशी हे फोनच्या पडद्यावर तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलले. म्हाताऱ्यानं दुसरं काही विचारलं नाही, म्हणाला, हात दाखव. यांनी दोन्ही पंजे पडद्यासमोर धरले, नखांतलं तेल, डाव्या तर्जनीचं तुटून जुळलेलं टोक. म्हाताऱ्यानं आपले हात दाखवले. मी चहा घेऊन आले तेव्हा दोघं तसेच, पंजे समोरासमोर. मग बरीच वर्षं वाट बघण्यात गेली. घड्याळ आलं तेव्हा यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कसं आहे?" मी म्हटलं, "साधंच दिसतंय." हे पोट धरून हसले. प्रत्येक घड्याळाला मला विचारायचे आणि मी जे दिसेल ते सांगायचे; पट्टा आजारी माणसाच्या रंगाचा आहे, काटे जाड आहेत, हे बरं आहे. रविवारी घरी येणारे त्यांचे मित्र वा वा करत, भिंगातून बघत, त्यांच्या वा वाला यांच्या लेखी काही किंमत नव्हती. त्या म्हाताऱ्यानं पुढं काम थांबवलं. हात हलायला लागायच्या आधी, लागणार हे त्याचं त्याला कळलं तेव्हा, ज्यांची ज्यांची घड्याळं व्हायची होती त्या प्रत्येकाला त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. यांच्या मनाला ते फार लागलं, आणि आवडलंही. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "माणसाला आपलं आपल्याला कळलं पाहिजे. आणि नाही कळलं तर दुसऱ्यानं सांगितलं पाहिजे. माझं असं काही झालं तर तू सांगायचं. डॉक्टर नाही, दीक्षा नाही, ते गोड बोलतील. तू सांगायचं." मी "बरं" म्हटलं आणि आमटी वाढली. असं बोलताना माणसाला वाटतं, आपण हातांबद्दल बोलतोय.

पौर्णिमेला मी अष्टशील घेते. पांढरं नेसते, अंगावर दागिना ठेवत नाही, आणि मध्यान्ह टळली की दुसऱ्या दिवसापर्यंत खात नाही. घड्याळांशी माझं नातं होतं ते एवढंच. त्या दिवशी हे आपल्या मनगटावरचं बघून मला सांगायचे, "अजून आहे वेळ, सावकाश जेव," किंवा, "आटप, काटा चढतोय." मोबाइलमध्ये बघायला मला काही हरकत नव्हती, पण तो त्यांचा भाग होता, माझ्या व्रतातला तेवढा कोपरा त्यांचा. त्या वर्षीच्या चैत्र पौर्णिमेला मी भाकरी करत होते तेव्हा दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा म्हणाले, "अकरासुद्धा नाही झाले, काय घाई आहे." मी ओटा आवरला, मग पान घेऊन बसले. हे समोर बसून कौतुकानं बघत होते. शेवटच्या घासाला खालून दुसऱ्या शिफ्टच्या बसचा आवाज आला, ती चाकणकडं जाणारी मोठी बस आमच्या वळणावर गिअर बदलते, आणि ती बस बारानंतर किती उशिरा येते ते आमच्या इमारतीतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे. घास तोंडात होता. थुंकावा तर यांना दिसणार, गिळावा तर शील जाणार. मी यांच्या मनगटाकडं बघितलं. घड्याळ बरोबर होतं. काटे जिथं असायला हवेत तिथं होते, स्वच्छ, आणि हे त्यांच्याकडंच बघत होते. "झालं पोटभर?" म्हणाले. मी घास गिळला आणि मान हलवली. पोट खरंच भरलं होतं. त्या दिवशी मी संध्याकाळी विहारात गेले नाही. पाय दुखतो म्हटलं नाही, डोकं दुखतं म्हटलं नाही, नुसतीच गेले नाही. खिडकीतून हायवेवरच्या गाड्या बघत बसले आणि डोक्यात एकच येत होतं की यंत्र शाबूत आहे. दोष यंत्रात असता तर ते यंत्र करणारा कुठंतरी असला असता.

त्यानंतर मी बघायला लागले, आणि बघायला लागलं की दिसतंच. चहात दोनदा साखर. दीक्षाला तिच्या आत्याचं नाव. वर्कशॉपमध्ये एका लॉटचं माप चुकलं, तो सबंध माल परत आला आणि यांनी ते हातावेगळं करून पोरांना ओरडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच माप दिलं. गाडीची किल्ली मी तांदळाच्या डब्यात ठेवली. यांनी ती शोधली नाही, आणि शोधली नाही याची मला जास्त भीती वाटली. डॉक्टरांकडं गेलो ते त्यानंतर.

रविवारची मंडळी मात्र येत राहिली. मंडळी म्हणजे आता मुख्यतः कुलदीप. महाळुंग्याचाच, ज्या जमिनीवर आमची शेड आहे ती त्याच्या घरची. यांच्याहून बराच लहान, गळ्यात साखळी, मोठी गाडी. घड्याळांचा नाद त्याला यांच्यामुळं लागला. आला की दारातूनच, "वहिनी, तुमच्या हातचा चहा पाजा राव, सकाळपासून नुसती कॉफीच पाजलीय सगळ्यांनी." त्या रविवारी यांनी त्याला म्हाताऱ्याच्या हातांची गोष्ट सांगितली. मी आतून ऐकत होते. त्यानं ती पंधरा वेळा ऐकली असेल, तरी "मग वो दादा?" म्हणत राहिला. संपली. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि हे म्हणाले, "तुला त्या म्हाताऱ्याच्या हातांची गोष्ट सांगितली का मी?" मधे काही नव्हतं, एक भजं खाण्याइतकंच अंतर होतं. कुलदीप म्हणाला, "न्हाई वो दादा, सांगा की." आणि हे सांगायला लागले, तेच शब्द, त्याच जागी थांबून पंजे पुढं धरून. मग कपबशा ठेवायच्या निमित्तानं कुलदीप आत आला आणि सिंकपाशी उभा राहिला.

"वहिनी, दादांचं काय?"

"आठवण जात चाललीय," मी म्हटलं.

त्यानं नळ सोडला, उगाच हात धुतले. "त्यांना म्हाईतंय?"

"नाही."

"सांगू नका. आमच्या आबांना आम्ही शेवटपर्यंत न्हाई सांगितलं. सकाळी उठायचे, टोपी घालायचे आणि रानात पाणी सोडायला निघायचे. आता तिथं रान कुठाय, कंपनीचं पार्किंगय. मी त्या वॉचमनला सांगून ठेवलेलं. म्हातारा आला की उठून सलाम ठोकायचा, म्हणायचा, पाटील, सोडलं पाणी, झालं समदं भिजून. म्हातारा खूश. फिरून घरी. काय वाईट झालं सांगा?"

"काही नाही," मी म्हटलं. "वॉचमन भला माणूस."

"मग? तुमी पण..." तो थांबला, हसला. "तुमचं अवघडंय वहिनी. तुमाला ते जमायचं न्हाई." आणि जाताना वळून म्हणाला, "शिकावं लागतं. पहिल्यांदा जड जातं, मग येतं."

तो गेल्यावर हे बाकावर बसून होते, पुढं उघडी पेटी, घड्याळं मखमलीत निजलेली. म्हणाले, "प्रभा, सगळे माझ्याशी गोड का बोलायला लागलेत?" मी टेबल पुसत म्हटलं, "तुम्ही गोड झालात म्हणून." हे हसले, पण नेहमीपेक्षा थोडं आधीच थांबले. मला वाटलं आता पुढचं विचारतील. माझ्या हातातलं फडकं थांबलं होतं. विचारलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही ठाऊक नाही; तयारी दोन्ही गोष्टींची होती. विचारलं नाही. भिंग डोळ्याला लावलं आणि एका घड्याळाच्या पाठीकडं बघत राहिले. काचेतून आतलं दिसतं ना त्यात, ते छोटं चक्र पुढं मागं, पुढं मागं. एकदा मला म्हणाले होते, हे चक्र कुठं जात नाही बघ, जागच्या जागी येतं जातं, म्हणून बाकीचे पुढं जाऊ शकतात.

त्या आठवड्यात मी रोज वंदना झाल्यावर जरा जास्त वेळ बसून राहायचे. सांगावं असं ठरवून उठायचे आणि बाकापाशी जाईपर्यंत ते विरायचं. त्यांची पाठ दिसायची, वाकलेली, कामात गढलेली, मानेवरचे पांढरे केस कापायला झालेले. या माणसाला, तू जाणार आहेस, असं सांगायचं. मरणार आहेस असं नाही, ते एक वेळ सांगता येतं, आपल्याकडं त्याला शब्द आहेत, गाथा आहेत, लोक येऊन बसतात. पण शरीर इथं राहील, चहा पिईल, मी त्याला आंघोळ घालीन, आणि तू नसशील, हे कुठल्या शब्दात सांगायचं? आणि ते कशाला सांगायचं? सांगितलेलं तरी किती दिवस राहणार होतं? कुलदीपचा वॉचमन माझ्या डोळ्यांपुढं यायचा, गेटवर उठून सलाम करणारा. त्यानं कुठलं शील मोडलं? मला तो माझ्यापेक्षा पुढं गेलेला वाटायला लागला.

गुरुवारी सकाळी मी शील घेऊन उठत होते तेव्हा यांनी हाक मारली. आवाज मोकळा होता, पूर्वीसारखा. ऊन बाकावर आलं होतं. यांनी त्या म्हाताऱ्याचं घड्याळ हातात धरलं होतं, चेहरा उजळलेला. म्हणाले, "ऐक, आज कसं चालतंय बघ. इतकं सुरेख कधी चाललं नव्हतं." आणि ते माझ्या कानाशी धरलं. मी ऐकलं. काही नव्हतं. खालून रिक्षा गेली, शेजारच्यांचा कुकर वाजला, पण घड्याळात काही नव्हतं. डोळ्यांच्या कडेनं मी बघितलं, सेकंदाचा काटा एका जागी उभा होता. चावी द्यायची विसरले असणार आणि विसरले हेही विसरले असणार. त्यांचा हात माझ्या गालाला लागत होता, गरम. "चालतंय ना?" म्हणाले. इतके खुशीत होते. कितीतरी दिवसांनी असे दिसले होते.

मी म्हटलं, "हो, चालतंय."

हात तिथंच राहिला, गालापाशी. मग त्यांनी तो सावकाश काढून घेतला. घड्याळ बाकावर ठेवलं, कडेला समांतर. चेहऱ्यावरचं ऊन तसंच होतं, मागची खुशी मात्र कुणी उतरवून ठेवल्यासारखी गेली. मग बोलले ते वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना समजावून सांगायच्या आवाजात. "आमच्याकडं शिफ्ट सुरू होताना पहिलं काम काय असतं माहितीय? तपासणीच्या मशीनमध्ये एक खराब पीस घालायचा. मुद्दाम. लाल रंग मारून वेगळा ठेवलेला असतो तो. मशीननं तो अडवला तर मशीन शाबूत, मग दिवसभर त्याच्यावर भरवसा. अडवला नाही तर लाईन बंद." मी उभीच होते. "या घड्याळाला मी काल आणि आज चावी दिलेली नाही," म्हणाले. "विसरून नाही." मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू, "म्हणजे इतकं झालंय."

मला वाटतं, मी खरं सांगितलं असतं तर त्यांना आजाराचं नाव कळलं असतं. मी खोटं बोलले, त्यातून त्यांना तो केवढा आहे ते कळलं. मी खाली बसले, त्यांच्या पायापाशी, आणि सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, परत काही येत नाही तेही. शेवटी म्हणाले, "दीक्षाला माहीत आहे?" मी हो म्हटलं. "कुलदीपला?" "हो." "मलाच तेवढं नव्हतं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता परत असं करू नको. मी विचारलं की सांगायचं. कितीदाही विचारलं तरी. मला खुळ्यात काढायचं नाही." मी शपथ घेतली नाही, आमच्यात घेत नाहीत. मी म्हटलं, "सांगीन."

आणि मी सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. दुपारचे उठून बसले आणि म्हणाले, "प्रभा, मला काय झालंय गं?" मला वाटलं, बोलायचं असेल, मन हलकं करायचं असेल. मी आठवण करून दिल्यासारखं सांगितलं आणि बघितलं तर त्यांचा चेहरा त्या गुरुवारसारखा होत होता, अगदी तसाच, पहिल्यापासून. त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. त्यानंतर आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज. रोज सकाळी, माझी वंदना झाली की. मेणबत्ती विझवून मी त्या खोलीत जायचे आणि हे विचारायचे, मी सांगायचे, आणि रोज त्या माणसाला त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा ते कळायचं. काही दिवशी रडले. काही दिवशी डॉक्टरांना शिव्या दिल्या. एकदा म्हणाले, "आणि तू एवढे दिवस मला बोलली नाहीस?" दीक्षा आली होती दिवाळीत, तिनं दारातून ते ऐकलं आणि मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "आई, हा छळ आहे. कुणासाठी करतेयस तू हे? त्यांच्यासाठी की तुझ्या शीलासाठी?" मी म्हटलं, "त्यांनी सांगितलंय." ती म्हणाली, "ज्यांनी सांगितलं ते बाबा आता नाहीयेत ना." तिचं बरोबर होतं. पण मग मी कुणाला सोडून कुणाशी बोलायचं? ज्यानं मागून घेतलं त्याला दिलेलं वचन, आणि जो रोज सकाळी समोर बसतो त्याचे डोळे, यात धाकट्या लेकरासारखं कुणाला उचलून घ्यायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. विहारातल्या भन्तेजींना विचारलं. ते म्हणाले, करुणा ठेवा. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं हळू.

घड्याळं आता चालत नाहीत. कुलदीप म्हणाला, मी नेतो, चावी देत जाईन, यंत्राला बरं असतं. मी म्हटलं, ने. तो पेटीपाशी बसला, एकेक उचललं, पुसलं आणि परत ठेवलं. "ऱ्हाऊ द्या वहिनी," म्हणाला. "माझ्या हातात बरी वाटायची न्हाईत." जाताना यांच्या पाया पडला. यांनी त्याला वर्कशॉपमधला कुणी पोरगा समजून म्हटलं, "वेळेवर येत जा."

आज सकाळी वंदना झाली. मी मेणबत्ती विझवली, हात पुसले, त्या खोलीत गेले. हे बाकाशी बसले होते, आंघोळ घालून दिलेले, स्वच्छ शर्ट, वरचं बटण लावलेलं. ऊन आलं होतं. मी समोर स्टूलवर बसले आणि नेहमीसारखी वाट बघायला लागले. काल जे शब्द वापरले होते ते फार कडक झाले होते, आज थोडे बदलायचे असं मी रात्रीच योजून ठेवलं होतं. यांनी माझ्याकडं बघितलं. हसले, दारात आलेल्या कुठल्याही बाईकडं माणूस हसतो तसं, आणि पुन्हा उन्हाकडं बघायला लागले. खालून पहिल्या शिफ्टची बस गेली. मी म्हटलं, "काही विचारायचंय का?" हे म्हणाले, "नाही. छान आहे सगळं." कपाळावर आठी नव्हती, ओठांवर काही अडलेलं नव्हतं. मी तशीच बसून राहिले, ऊन बाकावरून सरकून जमिनीवर येईपर्यंत, योजलेलं सगळं तोंडात धरून.